दोघांची गाडी, एकाची सीट

दोन वर्षांपूर्वी जुन्या जपानी गेम्सवर लिहिताना मी ‘आउट रन’ला अडीच परिच्छेदांत निकालात काढलं होतं. लाल फेरारी, शेजारी सोनेरी केसांची बाई, रस्त्याच्या कडेला नारळाची झाडं, बाकी काही नाही. ‘पोस्टकार्डांचा गठ्ठा’ असा शब्द वापरला होता आणि तो सुचल्यावर स्वतःवर जाम खूश झाले होते. गेम मी फोनवर खेळले होते, एम्युलेटर टाकून, लोकलमध्ये. डावा अंगठा स्टिअरिंग, उजवा अंगठा गॅस. ठाण्याहून दादर येईपर्यंत तीन-चार गेम आरामात व्हायचे.

हा लेख त्या अडीच परिच्छेदांची दुरुस्ती आहे. सगळंच मागे घेत नाहीये. पोस्टकार्डांबद्दल मी अजून ठाम आहे. पण मी ज्याचं परीक्षण केलं ती वस्तू ‘आउट रन’ नव्हती, हे मला मागच्या वर्षी कळलं. बहीण तोक्योत निशिकासाईला राहते, तिच्याकडे गेले होते. शहराबाहेर सायतामामध्ये जुन्या मशीन्सचं एक गेम सेंटर आहे असं कळलं, म्हणून सात वर्षांच्या भाचीला घेऊन एका रविवारी तिथे पोचले. आत एका कोपऱ्यात ते मशीन उभं होतं. उभं म्हणणं चूक आहे. ते पार्क केलेलं होतं.

ज्यांनी गेमचं नावच ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ‘आउट रन’ सेगा कंपनीने १९८६ साली काढला. यू सुझुकी हा त्याचा मुख्य कर्ता. तुम्ही एक उघडी लाल गाडी चालवता. वाटेत इतर गाड्या आहेत, बीटल आहेत, ट्रक आहेत, पण त्यांच्याशी शर्यत नाही. पहिला-दुसरा नंबर असा प्रकारच नाही. फक्त घड्याळ आहे. वेळेत पुढचा टप्पा गाठला की आणखी वेळ मिळतो. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्ता दुभंगतो, डावीकडे थोडा सोपा, उजवीकडे थोडा अवघड. एक, मग दोन, मग तीन, चार, पाच, असे एकूण पंधरा टप्पे आणि पाच वेगवेगळे शेवट. तुम्ही एका खेपेला त्यातले पाचच टप्पे बघता. सगळं नीट जमलं तर पाच-सहा मिनिटांत प्रवास संपतो. सुझुकी स्वतः याला रेसिंग गेम म्हणत नाही, ड्रायव्हिंग गेम म्हणतो. फरक शब्दांचा वाटतो, पण गेमभर तो जाणवत राहतो.

त्याला सुचलं होतं ‘कॅननबॉल रन’ या अमेरिकी चित्रपटावरून. आधी अमेरिका आडवी पार करायचा बेत होता. मग तो युरोपात गेला, फ्रँकफर्टहून भाड्याची बीएमडब्ल्यू घेतली आणि रस्ते बघत हिंडला. मोनॅकोत फेरारी टेस्टारोसा दिसली आणि गेममधली गाडी ठरली. म्हणजे ही पोस्टकार्डं एका माणसाने खरोखर फिरून जमवलेली आहेत. तरी ती पोस्टकार्डंच. गव्हाची शेतं, आल्प्स, जुनी राजधानी, द्राक्षांचे मळे. एकाही ठिकाणी माणूस राहत असेल असं वाटत नाही. हा सुट्टीवर गेलेल्याचा युरोप आहे, आणि येन अचानक महाग होऊन जपानी माणसाला परदेश आवाक्यात वाटू लागला, नेमक्या त्या वर्षांतला. शेजारी बसलेल्या बाईला नाव नाही, संवाद नाही. तिचे केस उडतात. गाडी उलटली की ती आणि ड्रायव्हर दोघंही बाहेर फेकले जातात, आणि पुढच्या क्षणी दोघंही परत गाडीत असतात. १९८६ सालच्या पुरुषी स्वप्नरंजनाबद्दल एवढं पुरे. फोनवर खेळताना माझ्या डोळ्यांत पहिल्यांदा हेच भरलं होतं, आणि ते खोटं नाही.

आणखी एक गोष्ट फोनवर फार उठून दिसते, चित्रांचा सपाटपणा. ‘आउट रन’मध्ये आजच्यासारखी थ्रीडी दुनिया नाही. प्रत्येक झाड, पाटी, ट्रक ही एक सपाट चित्राकृती आहे. सेगाचं हार्डवेअर ती दर क्षणी थोडी थोडी मोठी करत तुमच्या अंगावर आणतं. या तंत्राला सेगाने ‘सुपर स्केलर’ असं दणदणीत नाव दिलं होतं. निवडणुकीतले कटआउट आठवा. समोरून भव्य, बाजूने काहीच नाही. गेमची सगळी करामत ही, की तो तुम्हाला बाजूने बघूच देत नाही. सहा इंची पडद्यावर मात्र डोळ्याला फसायला वेळच लागत नाही, आणि फसवणूक कळायलाही नाही.

आता मशीनकडे येऊ.

‘आउट रन’ची कॅबिनेट्स चार प्रकारची होती. दोन उभ्याने खेळायची, दोन बसून. मी बसले ते डीलक्स, सगळ्यांत मोठं. लाल फायबरची अर्धी गाडी म्हणा. सीट, स्टिअरिंग, दोन पेडल, एक गिअर. गिअरला लो आणि हाय अशा दोनच जागा. आणि खाली एक मोटर. रस्ता वळला की ही मोटर तुमच्यासकट अख्खी गाडी वळवते, रस्ता सोडून गवतात गेलात की हादरवते.

एक गोष्ट मला तिथे थांबल्यामुळेच बघायला मिळाली. मालकाने आमच्यासाठी मशीन बंद करून परत चालू केलं, कारण पडदा जरा लुकलुकत होता. वीज आली आणि रिकामी गाडी स्वतःहून सावकाश डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग मधोमध येऊन थांबली. आपली दोन्ही टोकं कुठे आहेत आणि मध्य कुठे आहे, हे ते मशीन सुरू होताना तपासून घेतं. भाची म्हणाली, ‘मावशी, ती आळस देतेय.’ परीक्षण लिहायचा मान खरं तर तिला द्यायला हवा.

शंभर येनचं नाणं टाकलं. पहिला पडदा येतो तो कारच्या रेडिओचा. एक हात डायल फिरवतोय, तीन गाणी आहेत, ‘मॅजिकल साउंड शॉवर’, ‘पासिंग ब्रीझ’, ‘स्प्लॅश वेव्ह’. तिन्ही हिरोशी कावागुचीची. फोनवर मी गाणं बोटाने निवडायचे. इथे ते स्टिअरिंग फिरवून निवडायचं असतं. म्हणजे गाडी हलायच्या आधी तुमचे हात चाकावर येतात, चाक किती जड आहे हे त्यांना कळतं, आणि ज्या चाकाने आता रस्ता निवडायचा आहे त्याने तुम्ही आधी मूड निवडता. फोनवर हा मेन्यू आहे. इथे ती गाडीत बसल्यावरची पहिली कृती आहे, आपण सगळेच करतो ती.

मग गाडी सुटली. पहिल्या मोठ्या वळणावर मी स्टिअरिंग फिरवलं आणि सीट माझ्यासकट वळली.

मला वाटलं होतं त्यापेक्षा ती हालचाल फारच थोडी होती. व्हिडिओ बघून माझी कल्पना जत्रेतल्या पाळण्याची झाली होती. प्रत्यक्षात कुणीतरी खुर्ची हलकेच ढकलावी एवढंच. पण पडद्यावर रस्ता वळतोय, त्याच क्षणी कंबर वळतेय, आणि उरलेलं सगळं शरीर स्वतःच भरून काढतं. मी खांदा टाकला. मान कलवली. कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत मी कटआउट बघणं बंद केलं होतं, कारण झाडं सपाट आहेत की नाहीत ही चौकशी करायला मी तिथे नव्हतेच. मी गाडीत होते.

इथे सेगाच्या आदल्याच वर्षीच्या गेमशी तुलना करायला हवी, नाहीतर मुद्दा निसटेल. १९८५चा ‘हँग-ऑन’, तोही सुझुकीचाच. त्यात खरीखुरी वाटणारी मोटरसायकल असते, तुम्ही तिच्यावर बसता आणि वळायचं असेल तर अंगाच्या जोराने ती बाइक कलवता. तिथे माणूस मशीनला हलवतो. ‘आउट रन’मध्ये उलटं आहे. मशीन माणसाला हलवतं. सेगा या सगळ्या गेम्सना ‘ताइकान’ म्हणायची, म्हणजे शरीराला जाणवणारे, आणि लिहिणारेही त्यांना एकाच दावणीला बांधतात. मला हा फरक मूलभूत वाटतो. ‘हँग-ऑन’ तुमच्या शरीराकडून काम करून घेतो. ‘आउट रन’ तुमच्या शरीराला घेऊन जातो.

आणि मग मला त्या दुसऱ्या सीटचं कोडं सुटल्यासारखं वाटलं. पडद्यावरच्या गाडीत दोघं आहेत. कॅबिनेटमध्ये सीट एकच. फोनवर खेळताना मी साहजिकच ड्रायव्हर होते आणि ती बाई शोभेची होती. पण मशीनमध्ये बसल्यावर माझे हातपाय ड्रायव्हरचं काम करत होते, आणि बाकीची मी शेजारी बसलेली होते. जिला वळण आधी कळत नाही, जी वळणावर कलते, गवतात गेल्यावर हादरे खाते, जिच्या हाती काही नाही आणि जी मजेत आहे. गाडी चालवण्याचं आणि गाडीतून कुणीतरी आपल्याला नेण्याचं सुख ही दोन वेगळी सुखं आहेत. लहानपणी ज्याने स्कूटरवर पुढे उभं राहून प्रवास केलाय त्याला हे समजवायला नको. ‘आउट रन’चं डीलक्स मशीन ही दोन्ही सुखं एकाच माणसाला, एकाच वेळी देतं. एम्युलेटर त्यातलं पहिलं जपतो आणि दुसरं टाकून देतो. मी ज्याला पोकळ म्हटलं होतं तो गेमचा टाकून दिलेला अर्धा भाग होता.

हे सगळं ठरवून केलं होतं असा माझा दावा नाही. सुझुकीला बाई शोभेसाठीच हवी असेल, शक्य आहे. पण कलाकृती काय करते ते कर्त्याच्या मनापेक्षा तिच्या मोटरला जास्त माहीत असतं.

मला हे इतकं का लागलं, त्याला एक खाजगी कारण आहे, ते सांगून टाकते. मी साताऱ्यात वाढले. २००१-०२च्या सुमाराला एसटी स्टँडमागे एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं, पत्र्याचं छप्पर, चार मशीन, एक रुपयात एक गेम. सगळी मशीन उभ्याने खेळायची. ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ला तिथे कुणीच त्या नावाने ओळखत नव्हतं, पिवळ्या टोपीवाल्या पात्रावरून तो ‘मुस्तफा’ होता. दादा आत खेळायचा आणि मी बाहेर सायकल धरून उभी राहायचे. मुली आत जात नाहीत हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. उंबऱ्यावरून पडदा दिसायचा नाही, पाच-सहा पोरांच्या पाठी दिसायच्या आणि आवाज ऐकू यायचा. हॉस्टेलमध्ये पहिल्यांदा फोनवर एम्युलेटर टाकला तेव्हा वाटलं होतं, चला, आता दुकानाची गरजच संपली, सगळं माझ्या खिशात आलं. माझं सगळं गेम-परीक्षण या एका समजुतीवर उभं आहे. फोनवर चालला म्हणजे गेम मिळाला.

गंमत म्हणजे सेगाची ही महाकाय मशीन्स अशा उंबऱ्यांच्या काळातलीच आहेत. बसून खेळणं जपानला नवं नव्हतं. १९७८ साली तैतोचा ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आला तेव्हा कॉफीच्या दुकानांत टेबलांच्या जागी काच लावलेली मशीन आली, लोक खुर्चीत बसून खाली वाकून खेळायचे. पण गेम सेंटर म्हटलं की अंधार, सिगारेटचा धूर, शाळा बुडवणारी पोरं, अशी त्यांची ख्याती झाली. १९८५ साली सुधारित कायदा लागू झाला आणि गेम सेंटर्स बार आणि पाचिंकोच्या पंगतीत जाऊन बसली. मध्यरात्रीनंतर बंद. नेमक्या त्याच काळात ही मोठी, झगमगीत, कोपऱ्यात न मावणारी मशीन आली. असलं मशीन धुराच्या खोलीत लपवता येत नाही, दर्शनी भागात ठेवावं लागतं. ती बघायला अशी माणसं थांबू लागली जी एरवी आत आली नसती. सेगाने हे समाजसेवा म्हणून केलं नाही, नाणी हवी होती. तरीही उंबरा बुजवण्याचं काम या लाल गाडीने केलं, एवढं श्रेय मी तिला देते.

फोनवर न सापडणारी आणखी एक गोष्ट आहे, गिअर. मी नेहमी ऑटोमॅटिक लावून खेळायचे. मशीनवर ऑटोमॅटिक नाही. पहिल्या तीन नाण्यांत मी हायमध्ये टाकायलाच विसरत होते आणि गाडी रडत होती. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना बहुधा ते बघवेना. त्यांनी खुणेने परवानगी मागितली, स्वतःचं नाणं टाकून बसले आणि रस्ता सोडून थेट गवतात गेले. गवतात गाडी मंदावते, हा गेमचा नियम. त्यांची मंदावली नाही. त्यांचा हात गिअर खटाखट वर-खाली करत होता. ही जुनी चोरवाट आहे, जपानी खेळाडू तिला ‘गिअर गाचा’ म्हणतात, ‘गाचा’ म्हणजे तो खटखट आवाजच. ठरावीक लयीत लो-हाय केलं की गाडी गवतातही पूर्ण वेगात पळते. मशीन अंगाखाली थडथडत होतं, गृहस्थ ताठ बसून होते, जणू एसटीचा ड्रायव्हर घाट उतरवतोय. फोनवर ही एक ट्रिक म्हणून वाचली होती. समोर बघितल्यावर ती कारागिरी वाटली, आणि मालकाच्या चेहऱ्यावरून वाटलं की गिअरचा दांडा किती वेळा बदलावा लागतो याचा हिशोब तो मनात करत असावा.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. साताऱ्यातल्या मुलीला सायतामातलं मशीन कसं मिळणार? तिला एम्युलेटरच मिळणार. मग तू तिला सांगतेस की तुझा गेम अर्धा आहे? हो, सांगते. जुना तमाशा फक्त संहितेतून वाचणाऱ्यालाही आपण हे सांगतोच, आणि त्याने वाचू नये असं म्हणत नाही. फक्त संहिता वाचून ‘यात काही दम नाही’ असा निकाल देऊ नये. मी दिला होता.

ज्यांनी हा गेम नव्या यंत्रांवर आणला त्यांना हे बरोबर ठाऊक होतं. एमटू नावाच्या जपानी कंपनीने २०१४ साली तो निन्टेंडोच्या थ्रीडीएसवर आणला. पडद्याभोवती कॅबिनेटची चौकट दाखवायची आणि वळणावर चित्रच कलवायचं, अशी सोय त्यांनी ठेवली. फेरारीचं रूप वापरता येत नसल्यामुळे गाडी थोडी बदलली, दोन नवी गाणी घातली, चित्राचा वेग दुप्पट केला. प्रेमाने केलेलं काम आहे. पण कलणारं चित्र हातात धरून बसलं की कलण्याची आठवण येते, आपण कलत नाही. ‘कॅननबॉल’ नावाच्या प्रकल्पात तर गेमचं इंजिन पूर्ण नव्याने लिहून काढलंय, आणि त्यात मूळ कॅबिनेटची मोटर चालवायचीही सोय आहे. मला हे सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कुणीतरी मोटरला गेमचा भाग मानून जपलं.

मात्र त्या मोटरला जोडायला गाडी हवी, आणि गाडीला ठेवायला जागा. ती जागा झपाट्याने जातेय. सेगाने आपल्या गेम सेंटर्सचा धंदा २०२० साली बहुतांश विकला, २०२२ साली उरलेलाही, आणि जपानभरच्या इमारतींवरून सेगाची अक्षरं उतरून ‘गिगो’ची अक्षरं चढली. जुन्या काचेच्या नळीचे पडदे आता कुणी बनवत नाही. मी बसले त्या मशीनचा पडदा दुपारभरात दोनदा लुकलुकला. प्रोग्रॅमची प्रत करता येते, हव्या तितक्या. लाल फायबरच्या अर्ध्या गाडीची प्रत अशी एका क्लिकवर होत नाही, आणि ती कुणाच्या खिशातही मावत नाही.

मी एकदाच शेवटापर्यंत पोचले, सगळीकडे डावी वाट धरून. या गेमचे शेवट विनोदी आहेत, त्यातल्या एकात एवढा प्रवास करून आणलेली गाडी सरळ खिळखिळी होऊन कोसळते. मग नाव लिहायचा पडदा येतो आणि ‘लास्ट वेव्ह’ वाजतं, समुद्राच्या लाटांच्या आवाजासकट. फोनवर मी हा भाग कायम स्किप करायचे. तिथे मात्र नाव लिहून झाल्यावरही बसून राहिले. सीट थांबली होती आणि अंगाला ती अजून हलतेय असं वाटत होतं, लांबच्या एसटी प्रवासानंतर रात्री गादीवर वाटतं तसं.

भाचीला आता धीर निघत नव्हता. ती सीटवर चढली तर पाय पेडलपासून वीतभर लांब. मालक हसून लांब गेला. शेवटी मी मशीनच्या बाजूला गुडघ्यांवर बसले, आत हात घातला आणि तळव्याने गॅस दाबून धरला. मला पडदा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त तिचे लोंबणारे बूट आणि ऐकू येत होतं ‘स्प्लॅश वेव्ह’. ‘सोड, सोड, मावशी, वळण!’ मी सोडला. ‘दाब!’ मी दाबला. गाडी माझ्या खांद्याला घासून वळली. दुसऱ्या फाट्यावर तिने उजवीकडची, अवघड वाट घेतली. मी विचारलं, पुढे काय आहे? ती म्हणाली, ‘थांब ना, बघतेय.’